श्रीधरच्या चहाची निरवानिरव

लिहून ठेवणार: सौ. माणिक श्रीधर लघाटे, वय सत्तरच्या पुढे, निवृत्त शिक्षिका (रसायनशास्त्र), राहणार फ्रीगंज, उज्जैन.

मी हे स्वखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून किंवा भिडेखातर नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण कायद्याला पोटाशी काही देणंघेणं नसतं. इंदूरच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ पडद्यावर दाखवली आणि मग माझ्या मुलाला बाहेर नेऊन त्याच्याशी बोलले. बाहेर नेऊन बोलण्याचा अर्थ मला कळतो. सिंहस्थ येईल तेव्हा मी नसेन, बहुतेक या वर्षीच्या गणपतीतही नसेन.

वकिलांनी एक मसुदा करून आणला होता. नीटनेटका होता. पण त्यात माझे यजमान श्रीधर 'पती' म्हणून एका ओळीत येऊन गेले, म्हणून तो बाजूला ठेवला आणि हा लिहायला घेतला. जन्मभर मी त्यांना 'अहो' म्हटलं. वकील म्हणाले, "मॅडम, 'अहो' म्हणजे कोण, ते कोर्टाला समजत नाही." तेव्हा यात नाव घेते आहे. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये, तसेही ते सगळे आता फोटोतच आहेत.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे. याची अंमलबजावणी ॲडव्होकेट रुचिर कोरान्ने यांनी करावी. शाळेत ते माझे विद्यार्थी होते, रसायनात कसेबसे पास झाले, पण शब्दाचे पक्के आहेत. माझा मुलगा पराग याला हे काम मुद्दाम दिलेलं नाही. तो प्रत्येक गोष्टीला 'देख लेंगे आई' म्हणतो, आणि इथे देखत बसायला वेळ नाही.

कलम २. फ्रीगंजमधलं राहतं घर मी माझ्या पगारातून घेतलं, ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी पराग आणि माझी मुलगी मृणाल या दोघांना सारखं देते. मात्र श्रीधर हयात आहेत तोवर घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, त्यांची खोली बदलायची नाही आणि त्यांचा पलंग खिडकीपासून हलवायचा नाही. शिवाय जी व्यक्ती त्यांना रोज चहा पाजेल, तिला या घरात ते असेपर्यंत आणि नंतरही, ती मरेपर्यंत हक्काने राहता येईल. त्या व्यक्तीचं नाव:

वरची जागा कोरी आहे ती विसरून राहिलेली नाही. माझ्याकडे नाव नाही.

मी रुचिरला विचारलं होतं, "अरे, माणूस लिहून देता येतो का कोणाला?" तो आधी हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "नहीं ना मॅडम. घर देता येतं, दागिने देता येतात. माणूस कसा देणार?" मी म्हटलं, "मग तुझा कायदा काय कामाचा रे?" तो बिचारा चहा न घेताच गेला.

कलम ३. हा चहा काय प्रकरण आहे ते आता सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं म्हातारीला औषधाची गुंगी आहे.

श्रीधर कृषी विभागात होते. सोयाबीनवर इल्ली, म्हणजे अळी, पडली की काय फवारायचं, ते आसपासच्या गावांतले शेतकरी त्यांना विचारायला येत. आता त्यांना सोयाबीन आठवत नाही. स्मृतिभ्रंश आहे. पराग समोर आला की ते त्याला ऑफिसातला कोणीतरी समजून खुर्ची देतात. चप्पल हातात घेऊन ती कशासाठी असते याचा विचार करत बसतात. आणि ते तहानही विसरले आहेत. माणूस तहान विसरू शकतो हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. पाण्याचा पेला पुढे केला की पंगतीत वाढप्याला नको म्हणावं तसा ते तो हाताने अडवतात, अगदी सभ्यपणे, हसून.

गेल्या उन्हाळ्यात ते असे सुकले की दवाखान्यात न्यावं लागलं. सलाइनची सुई उपटून टाकत होते, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्टीने बांधले. जो माणूस कधी कोणाशी आवाज चढवून बोलला नाही, तो माझ्याकडे बघून म्हणत होता, "माणिक, सोड ना गं. मी काय केलं?" मला सोडता आलं नाही. पुन्हा त्यांचे हात कोणी बांधू नयेत, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमं भरताड समजावीत.

एकच गोष्ट ते न अडवता पितात, हे दवाखान्यातून आल्यावर कळलं, आणि ती म्हणजे पांढरा चहा. त्यांच्या पोटात दिवसभरात जे काही पाणी जातं, ते त्या चहाच्या रूपाने जातं. तो बंद झाला की ते सुकणार आणि पुन्हा पट्टी येणार.

कलम ४. मृणाल नोकरीनिमित्त चीनमध्ये होती तेव्हा तिने पहिल्यांदा या चहाचा डबा पाठवला. आम्ही काय केलं असेल? चांगलं आलं ठेचून, वेलची घालून, दूध-साखर टाकून उकळला. पोह्यांबरोबर पाहुण्यांना दिला. पाहुणे उज्जैनचे, त्यांनी वा वा केलं आणि कप अर्धे ठेवून उठले. श्रीधर म्हणाले, "पोरीला कोणीतरी चारा विकलाय." उरलेला डबा मी तुळशीत रिकामा करणार होते.

मग निवृत्तीनंतर मृणालने आम्हाला तिकडे नेलं. फूजियान म्हणून प्रांत आहे, तिथल्या डोंगरात हा चहा होतो. वसंतात कोवळ्या कळ्या खुडायच्या, उन्हावाऱ्यात सुकवायच्या, संपलं. भाजणं नाही, वळणं नाही. कळीवर पांढरी लव असते म्हणून पांढरा. मळेवाल्याने काचेच्या पेल्यात चहा करून दिला आणि श्रीधर तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग उठून मळ्यात गेले आणि पानं उलटी करून बघू लागले. एक पान मला आणून दाखवलं, अळीने खाऊन त्याची जाळी केली होती. म्हणाले, "बघ, किडीने खाल्लंय! म्हणजे फवारत नाहीत हे लोक." जन्मभर किडी मारायला शिकवणारा माणूस अळीने खाल्लेलं पान बघून इतका खूश झाला की मृणालने त्यांचा पानासकट फोटो काढला. परत येताना गाडीत मला म्हणाले, "माणिक, भाजी धुता येते, फळ धुता येतं. चहाचं पान कोणी धूत नाही. त्यावर जे मारलेलं असतं ते आपण कपातच धुतो आणि तेच पितो." तेव्हापासून आमच्याकडे सेंद्रिय शेतीतलाच पांढरा चहा येतो. मृणाल आता सिंगापूरला आहे, तिथून पाठवते. तिने तो पाठवणं बंद करू नये.

कलम ५. चहा असा करावा. पाणी नळाचं घ्यावं. एक दिवसाआड येतं, भरून ठेवावं. बोअरिंगचं घेऊ नये, त्यात क्षार इतके की चहा गढूळ आणि मुका होतो. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरले आणि पाणी गुणगुणायला लागलं की गॅस बंद. खळखळू द्यायचं नाही. उकळतं पाणी ओतलं की कोवळी कळी शिजते आणि कडू होते. साधा काचेचा उभा पेला घ्यावा, त्यात चिमूटभर कळ्या, वरून पाणी. मग थांबावं.

हे थांबणंच महत्त्वाचं आहे. कळ्या आधी वर तरंगतात, मग पाणी पिऊन एकेक उभी होते आणि सावकाश खाली उतरते. श्रीधर ते बघत राहतात. तेवढा वेळ ते माझ्या स्वयंपाकघरात असतात. एरवी कुठे असतात ते महाकालालाच माहीत. चहाचा रंग फिकट, पेंढ्यासारखा. वास खरबुजाच्या सालीचा. जिभेवर आधी काहीच लागत नाही, आणि गिळल्यावर मागून गोडी येते. दूध नको, साखर नको, बिस्किट चालेल. त्याच कळ्यांवर पुन्हा पुन्हा पाणी घालून दुपारपर्यंत पाजत राहावं. ऊन उतरल्यावर देऊ नये, मग ते झोपत नाहीत आणि दार उघडून बाहेर जाऊ बघतात.

कलम ६. गाठ कळल्यावर मी सगळ्यांना हे शिकवायला घेतलं.

पूजा दिवसा यांना सांभाळायला येते. मनाने गोड पोरगी. तिने माझ्यासमोर चहा केला, कुठे चुकली नाही. पेला पुढे करून म्हणाली, "दादाजी, पी लो ना, थोड़ा सा, मेरे लिए." श्रीधरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नहीं बेटा, हो गया मेरा." प्यायले नाहीत.

सून अश्विनी इंदूरहून रजा टाकून आली. तिने थर्मामीटर आणला, फोनवर व्हिडिओ काढून घेतला. तिचा चहा माझ्यापेक्षा चांगला होतो, हे मी इथे लिहून देते, कारण तोंडावर म्हणाले नाही. श्रीधरनी वास घेतला, "थँक यू मॅडम" म्हणाले, आणि पेला खाली ठेवला. मी अश्विनीवर ओरडले. पेला बदल म्हटलं, खुर्ची बदल म्हटलं, बांगड्या वाजवू नकोस म्हटलं. तिने बांगड्या काढून ठेवल्या आणि पुन्हा चहा केला. अश्विनी, तेव्हा मी तुझ्यावर ओरडत नव्हते गं.

परागने सकाळपासून दुपारपर्यंत प्रयत्न केला. शेवटी त्याचा आवाज चढला. "बाबा, पिओ ना यार! मरना है क्या?" श्रीधर घाबरून भिंतीला टेकले. पराग गॅलरीत जाऊन रडला, मग येऊन म्हणाला, "आई, इंदूरला एक चांगली जागा बघितलीय. वहाँ सब ट्रेनिंगवाले लोग हैं." मी म्हटलं, "ट्रेनिंगवालेच हात बांधतात रे. आपल्याला ते येत नाही म्हणून तर जीव जातोय आपला." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला नोकरी आहे, मुलगा कॉलेजात आहे, आणि बापाने त्याला ओळखलं नाही की त्याचं तोंड इतकंसं होतं.

कलम ७. मग एका दिवशी औषधानंतर माझे हात इतके थरथरत होते की पाणी गॅसवर ठेवून मी ओट्याशीच खुर्चीवर मान टाकली. जाग आली तेव्हा पाणी खळाखळा उकळून अर्धं झालं होतं. चिमटीत कळ्या धरवेनात, मूठभर पडल्या. पुन्हा करायची ताकद नव्हती. तो काळपट, कडू काढा तसाच त्यांच्यापुढे ठेवला. श्रीधरनी पेला उचलला, सगळा प्यायले आणि म्हणाले, "आज मस्त झालाय."

मी रसायनाची बाई. प्रयोग केल्याशिवाय मला राहवेना. दुसऱ्या दिवशी चहाच्याच पेल्यात, चहा न घालता, नुसतं बोअरिंगचं पाणी कोमट करून 'चहा घ्या' म्हणत दिलं, क्षारांचा थर वर तरंगतोय असं. तेही प्यायले. "मस्त," म्हणाले. म्हणजे ते चहा पीत नव्हते, ते मला हो म्हणत होते.

हे कळून कोणत्याही बायकोला आनंद व्हावा. मी ओट्याला धरून रडले. चहा शिकवता येतो, लिहून ठेवता येतो. माझं काय करू? माझ्या जागी कोणाला बसवू? अरे देवा, इतकं प्रेम करायची काय गरज होती यांना! थोडं कमी केलं असतं तर माझ्यामागे जगले असते.

कलम ८. म्हणून मी ठरवलं आहे ते असं. उद्यापासून मी त्यांच्यासमोर जाणार नाही. मागच्या खोलीत राहीन, दार लावून घेईन. चहा पूजा करील, शनिवार-रविवार अश्विनी करील. त्यांनी हाक मारली तरी मला बोलवायचं नाही. माझी सवय मी हयात असतानाच सुटली पाहिजे, म्हणजे नाही सुटली तर निदान मी हाताशी असेन. हे क्रूर आहे असं मृणाल फोनवर म्हणाली. आहेच क्रूर. तिला दुसरं काही सुचत असेल तर तिने सांगावं.

कलम ९. इतर जिनसा. पाटल्या अश्विनीला, मोत्याची नथ मृणालला. नातू रोहनला माझी पुस्तकं, विकू नयेत म्हणून पहिल्या पानावर नाव घालून ठेवली आहेत. भैरवगढच्या छाप्याच्या चादरी सगळ्या पूजाला, तिच्या लग्नात कामी येतील. बँकेतलं जे असेल ते श्रीधरच्या देखभालीला, उरलं तर दोन्ही मुलांना. समोरच्या बंगल्यातल्यांना काही नाही. त्यांचा कुत्रा श्रीधरवर भुंकतो आणि ते 'कुछ नहीं करता आंटीजी' म्हणतात.

कलम १०. माझ्या नणंद, श्रीधरच्या थोरल्या बहीण, श्रीमती अंबिका मोघे, राहणार सिंहपुरी, यांना मी काहीही देत नाही. कारण लिहिते.

श्रीधर लहान असताना त्यांची आई गेली. अंबिकाताईंनी त्यांना वाढवलं, हे खरं आहे आणि मी ते कधी नाकारलं नाही. पण माझं लग्न झाल्यावरही रोज दुपारी सिंहपुरीहून त्यांचा डबा यायचा. "शिरूला तुझ्या हातचं अजून सवयीचं नाही ना, म्हणून." मी केलेली भाजी तशीच राहायची. वर्षानुवर्षं. एक दिवस मी तो डबा न उघडता परत पाठवला. तेव्हापासून त्यांनी या घरात पाऊल ठेवलेलं नाही, लग्नकार्यात भेटल्या तर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतात. मला डबा परत पाठवल्याचं वाईट वाटत नाही. तेव्हाही नाही वाटलं. मी गेल्याचं त्यांना कळवावं, तेवढं पुरे.

कलम ११. माझ्या अस्थी नेल्यावर रामघाटावर पंड्यांशी घासाघीस करू नये, जे मागतील ते द्यावं आणि लवकर घरी यावं. घरी कोणीतरी तहानलेलं बसलं असेल.

हे मी वाचून पाहिलं आहे. बरोबर आहे.

सही: माणिक लघाटे
उज्जैन, दिनांक १२ मे २०२५

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली आणि ज्यांनी माझ्यादेखत केली:
डॉ. तुषार भागवत, शेजारी
मुक्ता पुरंदरे, माझ्या शाळेतल्या सहकारी

पुरवणी मृत्युपत्र

मी, माणिक श्रीधर लघाटे, माझं वरचं मृत्युपत्र कायम ठेवून त्यात पुढील बदल करते. डोकं अजून ठिकाणावर आहे. डॉ. तुषार यांनी तसा दाखला दिला आहे, जरी देताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

कलम ८ प्रमाणे मी मागच्या खोलीत राहिले. पहिल्या दिवशी श्रीधरनी मला हाका मारल्या. मी उशी तोंडावर धरून बसले. नंतर हाका कमी झाल्या, मग थांबल्या. मला वाटलं, जमतंय. पण पूजाचा पेला ते परत करत राहिले, अश्विनीचाही. घोट दोन घोट जायचे, तेवढेच. ओठ फुटले. बाहेर ऊन असं की कावळे नळाखाली बसत होते, आणि माझा नवरा पाण्याने भरलेल्या घरात सुकत होता. मी दाराची कडी हातात धरून उभी राहायचे. आज जाते, आज जाते. मग पलंगाच्या दांड्याची पट्टी आठवायची. आज गेले तर मी मेल्यावर तीच पट्टी. नाही गेले तर आत्ताच. माझ्या शत्रूवरही असे दिवस येऊ नयेत.

तुषार आले. त्यांनी श्रीधरच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मागच्या खोलीत येऊन मला म्हणाले, "काकू, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर ॲडमिट करावं लागेल. दुसरा इलाज नाही." मी उठायला पाय खाली टाकले. तेवढ्यात पूजा आली आणि म्हणाली, "आंटीजी, दादाजी सुबह से ताई-ताई कर रहे हैं. ये ताई कौन है? आप हो क्या?"

मी नाही. मला ते ताई कधीच म्हणाले नव्हते.

मी फोन लावला. कित्येक वर्षांनी. पलीकडून "कोण?" आलं. मी म्हटलं, "वन्सं, मी माणिक. शिरू तुम्हाला बोलावतोय. पाणी पीत नाहीये." पलीकडून लगेच फोन ठेवला गेला. मला वाटलं संपलं.

त्या रिक्षाने आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कंबरेत वाकलेल्या, डोक्यावरचा पदर घामाने चिकटलेला. मागच्या खोलीच्या दारातून मला बघितलं. मी कशी दिसते ते मला माहीत आहे. अंगावर मांस नाही, केस गेले म्हणून रुमाल बांधलेला. त्यांचा चेहरा हलला, पण म्हणाल्या एवढंच, "कुठेय तो?" आणि थेट स्वयंपाकघरात. पूजाने चहाचा डबा दाखवला. पातेलं खळखळल्याचा आवाज मला खोलीत ऐकू आला. मी ओरडले, "वन्सं, तो चहा उकळायचा नसतो!"

"तू बस गं गप," त्या म्हणाल्या. "शिकवू नकोस मला."

मी उठून बाहेर आले, भिंत धरत. त्या श्रीधरच्या समोर नाही बसल्या, पलंगावर शेजारी बसल्या, मांडीला मांडी लावून. एका हाताने त्यांची मान मागून धरली. "शिरू. पेला संपल्याशिवाय उठायचं नाही."

"ताई, अर्धा."

"अर्धाबिर्धा काही नाही. मुकाट्याने पी."

आणि ते प्यायले. तो उकळून तांबडा झालेला, सत्यानाश केलेला चहा. घोट घोट करत सगळा. संपल्यावर पेला उलटा करून ताईंना दाखवला, थेंबसुद्धा नाही म्हणून. त्यांनी पुन्हा भरला. पुन्हा प्यायले. तुषार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. ते डॉक्टर आहेत, पण श्रीधरच्या मांडीवर ते लहानपणी खेळले आहेत.

मी दारात उभी होते. मला सोडून किती मागे निघून गेले हे! माझ्याही आधी, नोकरीच्या आधी, लग्नाच्या आधी, सिंहपुरीच्या त्या घरात. तिथे मी नाहीच. मी त्यांच्यामागून कितीही धावले तरी तिथे मला कोणी ओळखणार नाही. मी अजून मेले नव्हते, आणि माझी सवय सुटली होती. मीच मागितलं होतं.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. बराच वेळ बघितलं. ताईंच्या कानाशी लागले, पण मला ऐकू आलं. "त्या बाई उभ्या का आहेत? त्यांना पण दे ना चहा."

अंबिकाताईंनी पेला खाली ठेवला. "शिरू, अरे ती..." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको म्हटलं. त्यांना मी आठवले तर ते परत माझ्या हातचंच मागतील, आणि माझे हात आता किती दिवसांचे? वन्सं समजल्या. मला लग्नापासून जी बाई कधी समजली नाही, तिला तेवढं एका मानेच्या हलण्यात समजलं. त्यांनी एक पेला भरला आणि मला म्हणाल्या, "या. बसा."

मी पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसून तो चहा घेतला. कडू होता. तरी मागून गोडी आली.

सबब, पुढीलप्रमाणे बदल:

(अ) कलम २ मधली कोरी जागा भरावी. नाव: श्रीमती अंबिका मोघे. या घरात त्यांनी हक्काने राहावं. चहा त्यांना हवा तसा करावा, दूध घालावं, आलं घालावं, जे करायचं ते करावं. परागने त्यांच्याशी आवाज चढवू नये. त्यांचं वय झालं आहे हे मला कळतं. त्यांच्यानंतरची व्यवस्था मला सुचत नाही, आणि ती सुचेपर्यंत मी थांबू शकत नाही.

(आ) कलम १० रद्द. डबा परत पाठवल्याचं मात्र मला अजूनही वाईट वाटत नाही, वन्सं.

(इ) मी गेल्यावर श्रीधरना नवीन कपडे घालून विधीला बसवू नये, त्यांच्यासमोर रडू नये. माझा फोटो त्यांच्या खोलीत लावू नये, हार तर अजिबात नको. मी कोण होते ते त्यांना कोणीही सांगू नये, पराग, तूसुद्धा नाही. त्यांनी आपण होऊन विचारलंच, की त्या बाई आता येत नाहीत का, तर सांगावं की शेजारच्या होत्या, चहाला यायच्या, गावी गेल्या.

सही: माणिक लघाटे
उज्जैन, दिनांक २४ मे २०२५

साक्षीदार:
डॉ. तुषार भागवत
मुक्ता पुरंदरे